कोठारापासूनचं अंतर

तिसऱ्या रामसेसच्या राज्याचं 29वं वर्ष, म्हणजे इ.स.पू. 1157चा सुमार. नाईलच्या पश्चिम तीरावर फेरोंची थडगी कोरणाऱ्या कारागिरांनी काम थांबवलं, पहाऱ्याच्या पाच भिंती ओलांडल्या आणि तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागे ठिय्या दिला. 18 दिवस उलटले, आम्ही उपाशी आहोत, अशी त्यांची तक्रार होती. पुढे ते दुसऱ्या रामसेसच्या मंदिराशी धडकले. अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. हे आमच्या धन्याला, फेरोला लिहून कळवा, वजिराला कळवा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. हा इतिहासातला पहिला ज्ञात संप. त्याची हकिकत सांगणारा पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे.

मुख्य म्हणजे हे लोक समाजाच्या तळातले नव्हते.

देर अल-मदिना हे त्यांचं गाव. तटबंदीच्या आत साठ-सत्तर घरं. साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच पोती धान्य मिळे: चार पोती भाकरीसाठी खपली गहू आणि दीड पोतं बिअरसाठी जव. मुकादमाला साडेसात. गावात विहिरीचा आधार नव्हता, म्हणून पाणी गाढवांवरून यायचं. पाणके, कोळी, परीट, कुंभार, लाकूडतोडे असा वेगळा ताफा सरकारने गावाच्या सेवेला लावून दिला होता. दळणासाठी दासी होत्या, आणि त्यांच्या दळणाच्या दिवसांवरचा हक्क एका घराकडून दुसऱ्या घराकडे विकताही येत असे. पोटासाठी संपावर गेलेल्या माणसाच्या घरीही दुसऱ्या कुणाचे तरी हात जात्यावर राबत होते.

शालेय पुस्तकातल्या त्रिकोणात हे बसत नाही. वर फेरो, खाली पुरोहित आणि सरदार, मग लेखनिक, कारागीर, तळाशी शेतकरी आणि गुलाम. चित्र खोटं नाही. पण माणसाची पायरी ठरायची कशावरून, हे त्यातून कळत नाही. नाण्यांचं चलन नसलेल्या या देशात पगार म्हणजे धान्य आणि कर म्हणजेही धान्य. म्हणून धान्य पिकवणारा, मोजणारा आणि वाटप घेणारा, असे तीन थर पाडले तर तो समाज अधिक नीट दिसतो. या व्यवहाराची किल्ली मोजणाऱ्याच्या, म्हणजे लेखनिकाच्या हातात होती. लिहिता-वाचता येणारे शेकड्यात मोजकेच. दुआ-खेती नावाच्या बापाने मुलाला लेखनिकांच्या शाळेत घालायला नेताना बाकी प्रत्येक धंद्याचे हाल वर्णन केले, तो मजकूर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी गिरवत होते. लेखणीच्या बळावर काही जण फार वर पोचले. तिसऱ्या आमेनहोतेपचा अधिकारी हापूपुत्र आमेनहोतेप हा राजघराण्यातला नव्हता. तरी त्याचं स्वतंत्र स्मृतिमंदिर उभं राहिलं आणि पुढे लोकांनी त्याला देव मानलं.

भारतीय वाचकाला इथे जातिव्यवस्था आठवणारच. हेरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्शियनांचे सात वर्ग सांगितले; पुढे मेगॅस्थेनिसनेही भारतीय समाजाची सात वर्गांत विभागणी केली. डुक्कर पाळणाऱ्यांना देवळात प्रवेश नाही आणि त्यांच्याशी कुणी बेटीव्यवहार करत नाही, हे हेरोडोटसचं निरीक्षण मराठी माणसाला टोचल्याशिवाय राहत नाही. बापाचा धंदा मुलाने चालवावा, हा आदर्शही तिथे पक्का होता. तरीही एवढ्यावरून दोन्ही समाज एकाच साच्यातले ठरवणं घाईचं होईल. हेरोडोटसच्या सुमारे हजार वर्षं आधी, तिसऱ्या थुतमोसच्या 27व्या राज्यवर्षी, साबास्तेत नावाच्या राजन्हाव्याने युद्धात पकडलेला आपला गुलाम मोकळा केला आणि त्याचं लग्न स्वतःच्या भाचीशी लावून दिलं. न्हाव्याकडे गुलाम असणं आणि त्या गुलामाने घरचा जावई होणं, दोन्ही त्याच समाजात घडत होतं.

बाईची जागाही नुसत्या नवऱ्याच्या पायरीवरून ठरत नव्हती. देर अल-मदिनाच्याच नौनाख्तेने पाचव्या रामसेसच्या काळात साक्षीदारांसमोर मृत्युपत्र केलं. आठ मुलं वाढवली, पण म्हातारपणी ज्यांनी विचारलं नाही त्यांना आपल्या वाट्यातलं काही मिळणार नाही, असं तिने ठणकावलं. मालमत्ता तिची, निर्णय तिचा.

शेतकऱ्याचा असा एकही आवाज ऐकू येत नाही, आणि हीच या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव आहे. देशाला पोसणारा बहुसंख्य वर्ग चित्रांत दिसतो तो दुसऱ्याच्या थडग्यात. थीब्जमधल्या मेन्नाच्या थडग्यात उभ्या पिकावर मोजणीदार दोरी धरून चाललेत, लेखनिक आकडे टिपताहेत आणि एका शेतकऱ्याला मार बसतोय. मेन्ना हा जमिनींचा हिशेब ठेवणारा अधिकारी. आपल्या कर्तबगारीची खूण म्हणून त्याने हे रंगवून घेतलं. कारागिरांना संप करता आला, कारण त्यांच्या वस्तीत अक्षरओळख होती आणि त्यांच्याविना फेरोचं थडगं अडणार होतं. शेतकऱ्याला यातलं काय होतं?

संपकऱ्यांना अखेर थकलेलं धान्य मिळालं, पण पुरवठा कधी सुरळीत झाला नाही. ता नावाच्या वजिराने अर्धाच शिधा दिला. थीब्जच्या नगरप्रमुखाने 50 पोती देऊ केली, तर त्यावरूनही तक्रार झाली, की हे देवाच्या नैवेद्यातलं धान्य आहे. थोड्याच दशकांत राजांची थडगी फुटू लागली. नवव्या रामसेसच्या 16व्या राज्यवर्षी आमेनपनुफेर या दगडकाम करणाऱ्या माणसाने कबुली दिली, की आठ जणांनी सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडलं आणि 160 देबेन सोनं वाटून घेतलं. त्याच्या वाट्याला 20 देबेन, म्हणजे जवळपास पावणेदोन-दोन किलो आलं. पकडला गेल्यावर त्याने ते सगळं सोनं तिथल्या एका लेखनिकाला दिलं. लेखनिकाने त्याला सोडून दिलं, तो साथीदारांकडे परतला आणि त्यांनी त्याचा वाटा पुन्हा भरून दिला.