राखून ठेवलेला निकाल

शाळेत निकालाच्या दिवशी तीन प्रकारची मुले असतात. पास झालेली, नापास झालेली आणि ज्यांचा निकाल राखून ठेवला आहे अशी. पास झालेला पेढे वाटतो. नापास झालेला रडतो, पण चार दिवसांनी पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरतो, नाहीतर बापाच्या दुकानावर बसतो. निकाल राखून ठेवलेल्या मुलाला मात्र ना हसता येते, ना रडता येते. पुढचा वर्ग त्याचा नाही आणि मागचाही नाही. परदेशातल्या आपल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज करून बसलेल्या माणसांची अवस्था आम्हा शिक्षकांना या तिसऱ्या मुलासारखी वाटते.

रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांना नवऱ्याची वाट पाहणे नवे नाही. पुरुष जहाजावर गेले, आफ्रिकेला गेले, पुढे आखातात गेले आणि बायका मागे राहिल्या. पण तेव्हा ताटातूट घडवणारी होती गरिबी आणि मध्ये होता समुद्र. आज इंग्लंड-अमेरिकेत नवऱ्याची नोकरी पक्की असते, निकाह रीतसर नोंदलेला असतो, विमान एका दिवसात पोहोचवते. मध्ये उरते ती एक फाईल. म्हणून प्रश्न पडतो, की एखाद्या राज्याने नवरा-बायकोला किती काळ दूर ठेवावे? आणि ‘नाही’ असे स्पष्ट न म्हणता नुसते ताटकळत ठेवणे हा नकारापेक्षा लहान अन्याय आहे, की मोठा?

राज्याची बाजू आधी मांडली पाहिजे. आपल्या देशात कोणाला येऊ द्यायचे हे ठरवण्याचा त्याला अधिकार आहे. कागदोपत्री खोटी लग्ने होतात, दलाल पैसे उकळतात, मुलींची फसवणूक होते. तेव्हा चौकशी हवीच. आम्हीही उत्तरपत्रिका न तपासता गुण देत नाही. पण तपासणी आणि संशय यांत फरक आहे, आणि तपासणीला लागणारा वेळ व बेपर्वाईने जाणारा वेळ यांतही फरक आहे.

हा संशय किती खाली जाऊ शकतो, ते ब्रिटनने १९७९ साली दाखवून दिले. त्या काळी वाग्दत्त वराशी तीन महिन्यांत लग्न करण्यासाठी येणाऱ्या मुलीला आधी परवाना काढावा लागत नसे. बायकोला मात्र तो मायदेशातच, रांगेत उभे राहून मिळवावा लागे. त्या वर्षी जानेवारीत लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय स्त्रीचे लग्न आधीच झाले असावे, असा अधिकाऱ्यांना संशय आला. रांग चुकवण्यासाठी ती खोटे बोलत नाही ना, हे पाहण्यासाठी तिची कौमार्य चाचणी करण्यात आली. ती पेशाने शिक्षिका होती. बोभाटा झाल्यावर ही प्रथा बंद झाली. अशा किमान ८० स्त्रियांच्या नोंदी सरकारी दप्तरात असल्याचे २०११ मध्ये उघड झाले.

चाचणी गेली, पण वृत्ती राहिली. १९८० च्या दशकात तिथे नियम होता, की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदाराने स्वतः सिद्ध करावे. एखादी गोष्ट आपल्या मनात नव्हती, हे माणूस कसे सिद्ध करणार? या नियमामुळे आपल्या उपखंडातील कितीतरी नवरे अडकून पडले. १९९७ साली तो रद्द झाला. मग २०१२ मध्ये पगाराची अट आली. बोलावणाऱ्याची कमाई वर्षाला किमान १८,६०० पौंड हवी. एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंड झाली. म्हणजे ज्याची कमाई कमी, त्याच्या वाट्याला विरह जास्त. २०२२ मध्ये युक्रेनमधून येणाऱ्यांचे अर्ज आधी हाती घ्यायचे म्हणून पती-पत्नीच्या अर्जांची १२ आठवड्यांची मुदत २४ आठवडे करण्यात आली. युद्धातून पळालेल्यांना आधी आसरा मिळाला, याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्यातून एक गोष्ट कळली. उशीर हा काही पावसासारखा आभाळातून पडत नाही. कोणाचा अर्ज वर ठेवायचा आणि कोणाचा खाली, हे माणसेच ठरवतात.

या काळात घरी काय चालते, हे अशा मुलींच्या आया आम्हाला सांगतात. मुलगी सासरी धड रुजत नाही, कारण आज ना उद्या ती जाणार. माहेरी राहिली तर शेजारी विचारतात, ‘अजून इथेच?’ ती नोकरी धरत नाही, शिक्षण पुढे नेत नाही. क्षयरोग नसल्याचा दाखला सहा महिने चालतो; मुदत संपली की पुन्हा पैसे, पुन्हा रांग. नाते खरे आहे हे पटवण्यासाठी लग्नाचे फोटो, फोनची बिले, एकमेकांना लिहिलेले निरोप परक्या अधिकाऱ्यापुढे ठेवावे लागतात. ज्या घरात नवरीचा फोटो भिंतीवरसुद्धा लावत नाहीत, त्या घराला हे किती जड जात असेल! आणि उफराटा न्याय असा, की दोघांना एकत्र राहू द्यायचे नाही आणि संसार खरा असल्याचा पुरावा मात्र मागायचा.

अमेरिकेत तर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सँड्रा मुन्योझ या तिथल्याच नागरिक, पेशाने वकील. एल साल्वाडोरच्या त्यांच्या पतीला २०१५ साली व्हिसा नाकारला गेला. खरे कारण बाहेर आले ते कोर्टाची पायरी चढल्यावरच. जून २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल लागला, की परदेशी जोडीदाराला देशात येऊ द्यावे, असा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. कायद्याचा अर्थ तसा असेलही. पण कायद्याने हक्क नाही म्हटले, म्हणजे नैतिक जबाबदारीही संपली असे होत नाही.

आपल्या परंपरेने या बाबतीत बारकाईने विचार केला आहे. पत्नीजवळ न जाण्याची शपथ घेणाऱ्या नवऱ्याला कुरआनने चार महिन्यांची मर्यादा घातली. हजरत उमर (रजि.) रात्री मदिन्यात फिरत असताना मोहिमेवर गेलेल्या शिपायाच्या बायकोचा विलाप त्यांच्या कानी पडला. त्यांनी आपली मुलगी हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले आणि शिपायाला घरापासून दूर ठेवण्याची मुदत ठरवून दिली. कोणी ती चार महिने सांगतात, कोणी सहा. आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे, की खुद्द राज्यकर्त्याने विरहाचा हिशेब आपल्या डोक्यावर घेतला. आपल्याकडचा १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदाही मुदती घालतो. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल, दोन वर्षे त्याने पोटगी दिली नसेल, रास्त कारणाशिवाय तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये पाळली नसतील, तर बायको कोर्टात दाद मागू शकते. पण येथे नवरा कर्तव्य टाळत नाही. त्याच्याकडे ‘रास्त कारण’ आहे, आणि ते कारण म्हणजे फाईल. नवऱ्याला मुदत आहे, टेबलाला नाही.

अशा वेळी सगळे एकच शब्द उच्चारतात : सब्र. हा शब्द आम्ही वर्गात शिकवतो आणि त्याची थोरवी जाणतो. पण सब्र हा सोसणाऱ्याचा गुण आहे. सोसायला लावणाऱ्याने तो दुसऱ्याकडून मागायचा नसतो. नकार मिळाला तर माणूस अपील करतो, दुसरी वाट धरतो, निदान नशिबाला बोल लावून मोकळा होतो. उशिराविरुद्ध अपील कोणाकडे करायचे? त्यावर कोणाची सहीच नसते. कारकून नियमाकडे बोट दाखवतो, अधिकारी वरच्या हुकमाकडे, मंत्री कार्यपद्धतीकडे. पाप घडते आणि पापी सापडत नाही. घेतलेली फी परत करता येते, चुकीचा हुकूम मागे घेता येतो. पण दोघांच्या उमेदीची गेलेली तीन वर्षे कोणते कार्यालय परत करणार? म्हणून मुदत नसलेला उशीर हा नकारापेक्षा मोठा अन्याय आहे, असे आमचे मत आहे.

थोडे आपल्याकडेही पाहू या. परदेशचे स्थळ आले की आपण पगार विचारतो, घर विचारतो. मुलगी तिकडे कधी आणि कोणत्या नियमाने जाईल, हे विचारणे मात्र अपशकुन समजतो. निकाहच्या आधी हा प्रश्न मुलीसमोर ठेवला पाहिजे आणि तिची मर्जी घेतली पाहिजे. वाट तिला पाहायची आहे, आपल्याला नाही.

राज्याकडे आपण फार मागत नाही. चौकशी करा, पण मुदत सांगा. नाकारा, पण कारण द्या. आणि वेळ लागणारच असेल, तर दोघांना एकत्र वाट पाहू द्या. हे अशक्य नाही. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेने एक कायदा केला. ग्रीन कार्डधारकांच्या ज्या जोडीदारांचे अर्ज तोपर्यंत दाखल झाले होते आणि तीन वर्षे पडून होते, त्यांना देशात येऊन, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या घरी राहून पुढची वाट पाहण्याची मुभा मिळाली. ती सवलत तेवढ्याच अर्जांपुरती होती. रांग तीच राहिली, अर्ज तेच राहिले. फक्त रांगेत उभ्या असलेल्या दोघांमधला समुद्र निघाला.