बर्फाला काकी नसते

चतुर्थीला भाचा येणार म्हणून मी मालवणच्या बाजारातून आइस्क्रीमचा डबा आणला. भाचा आला दोन आठवडे उशिरा. त्या दोन आठवड्यांत वीज किती वेळा गेली हे पावसाळ्यात आमच्याकडे कोणी मोजत नाही. ती आली कधी, तेवढे लक्षात ठेवतात. डबा उघडला, पहिला चमचा तोंडात घातला आणि दाताखाली कचकन वाजले.

"वाळू आहे की काय रे?"

"वाळू नाही मामा, बर्फाचे खडे," भाचा म्हणाला. हा मुलगा पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करतो, त्यामुळे त्याला नुसते खाता येत नाही. चमचा वर धरून त्याने शिकवणी सुरू केली. आइस्क्रीममध्ये बर्फाचे अगणित बारीक कण असतात. वीज गेली की त्यातले बारके आधी विरघळतात. वीज आली की ते पाणी उरलेल्या मोठ्या कणांवर जाऊन गोठते. असे का? तर लहान कणाचा जीव तो केवढा, त्या मानाने त्याचा पृष्ठभाग फार. पृष्ठभागावरच्या रेणूंना चहूबाजूंनी धरून ठेवायला शेजारी नसतात. ते निसटतात आणि मोठ्याच्या अंगाला चिकटतात. या प्रकाराला विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे नाव आहे. पुढे १९६१ साली लिफशित्झ, स्ल्योझॉव्ह आणि वॅग्नर या मंडळींनी त्याचे गणितच मांडले: किती वेळाने कोणत्या आकाराचे किती कण उरतील. सरासरी आकार दुप्पट व्हायला वेळ आठपट लागतो म्हणे.

"म्हणजे मोठा लहानाला खातो," मी म्हणालो. "निसर्गाचाच नियम!"

तुम्ही म्हणाल, बिघडलेल्या आइस्क्रीमवर इतका आनंद कशाला? त्याला कारण होते. माझ्या कुंपणाला लागून काकीची चार गुंठे जागा आहे, आठ माडांची. काकी एकटी. यंदाच्या पावसात तिच्या घराची कौले गेली, हातात पैसा नाही. जागा मी घेतो, असे मी तिला सांगितले होते. भावही सांगितला होता. तो सांगताना मी माडांकडे पाहत होतो, काकीकडे नाही. तेव्हापासून रात्री झोप नीट लागत नव्हती. आता साक्षात विज्ञान माझ्या बाजूने उभे राहिले! आपल्या पूर्वजांनीही मत्स्यन्याय सांगून ठेवलाच आहे.

"पण मामा, त्या गणितात एक गंमत आहे. सगळ्यात मोठा कणसुद्धा सरासरीच्या दीडपटीपलीकडे जात नाही."

मी आणखी खूश झालो. म्हणजे निसर्ग सावकार खरा, पण मर्यादशील! आमच्या वाडीचेही तसेच. फार श्रीमंत कोणी नाही, फार गरीब कोणी नाही. वाडीच्या सत्यनारायणाला मी तसे बोलूनही दाखवले होते.

"सरासरी कोणाची मामा? जे उरले त्यांची. विरघळलेले त्यात धरतच नाहीत."

चमचा माझ्या हातातच राहिला. आमच्या वाडीत घरे अकरा, सहांना कुलूप. माणसे मुंबईला, काही कायमची वर. उरलो ते आम्ही सगळे सारखे. या समतेवर मी भाषण केले होते!

आणि मत्स्यन्याय? कौटिल्याने तो सांगितला तो धाक म्हणून, शिफारस म्हणून नव्हे. राजदंड नसेल तर माणसांचे मासे होतील, म्हणून दंड हवा, असे त्याचे म्हणणे. मी अर्धेच वाक्य घेऊन चार गुंठे मोजायला निघालो होतो.

तरी एक शेवटचा प्रयत्न केला. "नियम तो नियम. त्याला कोण काय करणार?"

"का? थांबवता येतो की," भाचा म्हणाला. "ज्या १९८१ साली तुमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला, त्याच साली रशियात एकिमोव्हने काचेत कॉपर क्लोराइडचे कण असेच वाढवले. किती तापवायचे आणि कधी थांबायचे ते त्याने ठरवले, म्हणून हवा तो आकार मिळाला. त्या कामाला २०२३ साली नोबेल मिळाले. आणि आइस्क्रीमवाले तर गवारीचा डिंक घालतात. कण मग सावकाश वाढतात."

गवार! जी भाजी मी जन्मभर ताटाच्या कडेला सारत आलो, ती निसर्गनियमाच्या आडवी उभी!

एवढा वेळ आमची ही माजघरात नारळ खवत होती. ती तिथूनच म्हणाली, "अवो, हो बर्फाचो कायदो झालो. बर्फाक खय काकी असता?"

यावर भाच्याच्या विद्यापीठातही उत्तर नसावे. मला मात्र एकदम कुड्या आठवल्या. मी मॅट्रिक होऊन मुंबईला निघालो तेव्हा बाबांपाशी पैसे नव्हते. काकीने कानातल्या कुड्या मोडल्या होत्या. तिच्या अंगावरचे सोने निसटले ते माझ्या अंगाला चिकटले. मी बँकेत लागलो, वाढलो, निवृत्त होऊन कुंपण घातले. आणि इतकी वर्षे 'मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो' असे सांगत हिंडलो. बर्फाचा खडा निदान असे काही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकीकडे गेलो. मला पाहताच ती म्हणाली, "काय रे, भाव वाढवलंस?"

"जागा नको काकी. कौलांचे पैसे आणलेत."

"उसने?"

"कुड्यांचे," मी म्हणालो.

काकीने नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, "मुद्दल झाला. व्याजाचा मगे बघूया." इतकी वर्षे तिचाही हिशोब चालूच होता तर!

तिने सोलकढीची वाटी पुढे केली. मी भीतभीतच घोट घेतला. दाताखाली काही आले नाही.