शेवटचं कडवं

रातपाळी सुटली तरी तासभर माझ्या कानात रिंग खात्यातले साचे फिरतच असतात. घरी येऊन आडवा झालो तरी फिरतात. तो आवाज घालवायला मी गाणी ऐकायला लागलो, दुसरं काही थोर कारण नाही. एका कॉलेजातल्या दोस्तानं लेड झेपेलिनचं ‘होल लोटा लव्ह’ पाठवलं. १९६९ चं, गोऱ्या इंग्रज पोरांचं. गिटार अशी की साच्याचा आवाज खाऊन टाकला. च्यायला, दहा दिवस मी तेच ऐकत होतो.

मग फोन सांगायला लागला, हे आवडलं तर ते ऐक. पूर्वी माणसं सांगायची, आता फोन सांगतो. फोनानं मडी वॉटर्स पुढे केला, १९६२ चं ‘यू नीड लव्ह’. मी उठून बसलो. हे शब्द तर आपल्या ओळखीचे! लिहिणारा विली डिक्सन, मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा काळा माणूस. झेपेलिनच्या तबकडीवर त्याचं नाव नव्हतं. १९८५ मध्ये त्यानं दावा ठोकला, १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, मग कुठं नाव लागलं. फोन यातलं काही सांगत नाही. फोन म्हणतो, तुला आवडेल. कुणाचं कुणी नेलं ते आपलं आपण खणायचं.

मी खणलं. मडी वॉटर्स स्टोव्हॉलच्या मळ्यावर राबणारा गडी. १९४१ मध्ये ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन तिथं गेले. १९४३ मध्ये मडीनं शिकागो गाठलं. पोटासाठी कारखान्यात काम आणि रात्री गाणं. हे वाचलं तेव्हा तो मला आमच्या खात्यातलाच वाटला. लोमॅक्सचं नाव जगाला ठाऊक आहे. वर्क हे काळे संशोधक, त्यांचं हस्तलिखित कुठल्या कुठं पडून राहिलं. ते पुस्तकात आलं २००५ मध्ये, आणि माणूस गेला होता १९६७ लाच. म्हणजे गाणाऱ्याचंच नव्हे, गाणं शोधणाऱ्याचंही नाव गळतं. आणि ते काय फुटक्या मडक्यातल्या पाण्यासारखं आपोआप गळत नाही.

पण सगळे गोरे चोर, असं म्हणूनही मोकळं होता येत नाही. १९६५ मध्ये अमेरिकेच्या टीव्हीवर रोलिंग स्टोन्सना बोलावलं, तर त्यांनी अट घातली की हाउलिन वुल्फला आणा. तो गायला आणि हे त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिले. हा नाव सांगण्याचा एक रीतसर प्रकार झाला.

पुढे फोनानं जॉन कोल्ट्रेनचं ‘अलाबामा’ दिलं. नुसता सॅक्सोफोन, शब्द एक नाही. खरं सांगतो, मला झोप लागली. नंतर कळलं, १५ सप्टेंबर १९६३ ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार काळ्या पोरी मारल्या आणि त्याच वर्षी कोल्ट्रेननं हे वाजवलं. पुन्हा लावलं तेव्हा झोप नाही लागली. खैरलांजी डोळ्यापुढं आली. आपल्यातले काही जण म्हणतात, दुःखाला भाषा नसते, ते थेट काळजाला भिडतं. मला नाही भिडलं, बाबांनो. मला नाव, गाव, तारीख कळावी लागली.

यावर आमच्या अभ्यासवर्गात चांगली जुंपली. एक दोस्त म्हणाला, गाणं कुणाच्या बापाचं नसतं. ब्लूजवाल्यांनी एकमेकांच्या ओळी उचलल्याच की. आणि आपली भीमगीतं? निम्म्या चाली सिनेमाच्या. मग आपण पण चोर? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, गरिबानं गरिबाची चाल घेणं म्हणजे शेजारणीकडून विस्तव आणणं. तिची चूल त्यानं विझत नाही. ज्याच्याकडं कंपनी, करार आणि वकील आहे त्यानं घेतलं की मात्र चूलच जाते. सिनेमाची चाल आपण घेतो तेव्हा कुणाची रोजी बुडत नाही. आणि घेतलं तर सांगावं. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतनं घेतलं आणि कुठून घेतलं ते छातीठोक सांगितलं. बाबासाहेबांनीही १९४६ मध्ये डु बॉइसना पत्र लिहिलं, ते नावानिशी माणसानं माणसाला लिहिलेलं पत्र होतं.

वर्ग जिंकल्यागत मी घरी आलो. पण एक गोष्ट मी तिथं बोललो नाही, ती इथं लिहितो.

आपल्या शाहिरांची रीत तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात ‘वामन’ येतो तसं. मला ही रीत लहानपणी बढाई वाटायची. डिक्सनचं प्रकरण वाचल्यावर कळलं, ज्याच्याकडं छापखाना नाही, वकील नाही, त्याचा हा दस्तऐवज आहे. जो कुणी गाईल त्याच्या तोंडून नाव निघणारच. कडवंच कापलं तर गोष्ट वेगळी.

मागच्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीत मी एका मयत शाहिराचं गाणं म्हटलं. दहा वाजत आलेले, भोंगे बंद करायचा निरोप आला, म्हणून शेवटचं कडवं सोडून ‘जय भीम’ केला. टाळ्या झाल्या. म्हातारी विधवा पुढंच सतरंजीवर बसली होती. जाताना म्हणाली, ‘‘बाळा, ग्वाड म्हणलास. पर आमच्या मालकांना मागंच ठिवलंस की.’’

मी हसून वेळ मारून नेली. मनात म्हटलं, मी काय पैसे मिळवले? मी काय कंपनी आहे? चोरी म्हणजे पैसा, एवढाच माझा हिशेब होता. वर्गातही मी तोच मांडला, चूल विझते की नाही तेवढाच. इथं कुणाची चूल विझली नव्हती. तरी म्हातारीच्या तोंडावर जे होतं ते माझ्या हिशेबात कुठं बसत नाही. उलट कंपनीवर दावा तरी लावता येतो. ही बाई माझ्यावर काय लावणार?

परवा सुट्टीच्या दिवशी वही घेऊन तिच्या घरी गेलो. तिला सतरा गाणी पाठ आहेत. मी कापलेलं कडवं तिनं म्हणून दाखवलं, पण दुसरी ओळ आठवेना. म्हणाली, बार्शीला नणंद आहे, तिला येत असंल. वहीत तेवढी जागा मोकळी सोडली आहे. येत्या रविवारी बार्शीला जायचं आहे, पाळी बदलून मिळाली तर.