पट्ट्या सोडणारे हात

वाचण्याचा भाग : योहान 11:38–44

बेथानीच्या कबरेपाशी प्रभूने लाजराला हाक मारिली व तो बाहेर आला, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु तो बाहेर आला तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले व तोंड रुमालाने वेष्टिलेले होते, इकडे आपले लक्ष फारसे जात नाही. ज्या वाणीने मृतास उठविले तिला त्या पट्ट्या सोडणे अवघड नव्हते. तरी ते काम प्रभूने जवळ उभ्या असलेल्या माणसांकडे सोपविले.

दारूच्या पाशात सापडलेल्या बंधूंविषयी लिहू लागलो की आम्हांस हा भाग आठवतो, आणि आमचा एक अपराधही आठवतो. सुमारे दहा वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक गवंडी दर नाताळच्या उपासनेत उभा राहून दारू सोडण्याची शपथ घेई, आणि लग्नसराई सुरू झाली की ती मोडी. आम्ही त्यास प्रभुभोजनापासून दूर ठेविले. उपदेशही पुष्कळ केला. एके दिवशी तो येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, तालुक्याला दर बुधवारी दारू सोडलेल्या माणसांची बैठक भरते. दोनदा जाऊन आलो. तिथं कुणी रागावत नाही."

हे शेवटचे वाक्य आम्हांस झोंबले. आम्ही विचारिले, "उपासना तुला पुरत नाही काय? परक्यांपुढे आपली पापे सांगत बसतोस?" तो काही बोलला नाही. बैठकीस जावयाचा तो थांबला आणि देवळात यावयाचाही थांबला. पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्यास मूठमाती दिली. त्याच्या पत्नीने आम्हांस कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर आम्ही या बैठकांची माहिती काढिली. ती आधी काढावयास हवी होती. 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरी बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा गृहस्थ व्यापाराच्या कामात अपयश पदरी घेऊन एका हॉटेलात उभा होता. दारू सोडून त्यास थोडेच महिने झाले होते, आणि जवळच मद्याचा गुत्ता होता. त्याने काय करावे? तेथील पाळकांची यादी पाहून एकास टेलिफोन केला. त्या ओळखीच्या वाटेने त्याची गाठ बॉब स्मिथ नावाच्या शस्त्रवैद्याशी पडली, जो स्वतः दारूने खचला होता. पंधरा मिनिटांहून अधिक बसणार नाही असे ठरवून आलेला हा डॉक्टर कित्येक तास बसून राहिला, कारण समोरचा मनुष्य उपदेश करीत नव्हता. स्वतःची हकीकत सांगत होता. पुढे डॉक्टर एकदा घसरला. परंतु 10 जून 1935 नंतर त्याने दारूस स्पर्श केला नाही. त्यांतून 'अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे निनावी मद्यासक्तांचा संघ उभा राहिला. मुंबईत तो 1957 साली आला.

या संघास वर्गणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. नाव पुरे सांगावे लागत नाही, आणि तेथे ऐकलेले बाहेर बोलावयाचे नाही. खर्च सभासद आपसांत, ज्यास जमेल तसा, भागवितात. कोणी म्हणेल, तेथे प्रभूचे नाव घेत नाहीत, ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे देव मानावा असे सांगतात. खरे आहे. पण ज्या चौघांनी पक्षघाती मनुष्यास छपरातून खाली सोडिले त्यांचा विश्वासांगीकार कोणता होता, हे शास्त्र सांगत नाही. आणि याकोबाने एकमेकांजवळ पाप कबूल करावयास सांगितले आहे. आपण रविवारी सर्व मिळून एका सुरात ते कबूल करितो, त्यात कोणाचेच पाप ओळखू येत नाही.

बैठक कोठे भरते हे जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारावे. सरकारचा 14446 हा मोफत क्रमांकही आहे. ज्यांस जाणे दूर पडते त्यांच्यासाठी मोबाईलवरही बैठका भरतात. पत्नी व घरच्यांकरिता अल-अ‍ॅनॉन नावाच्या निराळ्या बैठका आहेत. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. जो रोज पुष्कळ पितो त्यास कोणी एकाएकी दारू तोडावयास लावू नये. हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो, आणि प्राणही जातो. आधी डॉक्टरांकडे न्यावे. शपथ घ्यावयास लावणाऱ्या आम्हा पाळकांस हे कोणी शिकविले नव्हते.

पहिल्या दिवशी मनुष्य बहुधा दारापर्यंत जाऊन परत फिरतो. म्हणून हल्ली आम्ही सोबत जातो. काही बैठका सर्वांस खुल्या असतात. काही केवळ व्यसनग्रस्तांच्या, तेथे आम्हांस जागा नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही बाहेर बाकावर बसतो.

गेल्या महिन्यात त्या गवंड्याचा थोरला मुलगा आमच्या दारी आला. (त्याच्या परवानगीने लिहितो.) काय हवे ते त्याने सांगितले नाही, बुधवारची एसटी किती वाजता सुटते एवढेच विचारिले. आम्ही दोन तिकिटे काढिली.