माघार आणि तिचे कारण

मनुष्याची परीक्षा संकटात होते असे आपण नेहमी म्हणतो. परंतु त्या परीक्षेत उत्तीर्ण कोणास म्हणावयाचे, ह्याविषयी आपला निवाडा बहुधा फार घाईचा असतो. जो पुढे गेला तो शूर आणि जो मागे फिरला तो भ्याड, एवढ्या दोनच खणांत आपण सर्व माणसे बसवून मोकळे होतो. रणांगण सोडून द्वारकेस गेलेल्या श्रीकृष्णाला ‘रणछोड’ म्हणून हिणविण्यात आले, आणि त्याच नावाने पुढे त्याची देवळे उभी राहिली, ही गोष्ट आपल्यापैकी सर्वांना ठाऊक आहे. तथापि घरातला मुलगा एखाद्या स्पर्धेतून अर्ध्यावर परत आला म्हणजे तिचे स्मरण आपल्याला राहत नाही. माघार घेणे हे नेहमीच दौर्बल्याचे लक्षण असते काय, आणि नसेल तर शहाण्याची माघार व भित्र्याची माघार ह्यांत भेद कोणत्या कसोटीने करावयाचा, ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. त्यासाठी आम्ही ज्याचे चरित्र निवडले आहे तो कोणी तत्त्वज्ञ नव्हे, सेनापतीही नव्हे. तो मोटारींच्या शर्यतीत गाडी हाकून पोट भरणारा एक ऑस्ट्रियन गृहस्थ होता. वाचकांस ही निवड चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या धंद्यात मृत्यूशी रोजची गाठ असते, त्यात हा प्रश्न जितका उघडा दिसतो तितका तो इतरत्र दिसत नाही.

निकी लाउडा ह्याचा जन्म 22 फेब्रुवारी 1949 रोजी व्हिएन्ना येथे एका श्रीमंत व प्रतिष्ठित घराण्यात झाला. आजोबा मोठे उद्योगपती होते आणि नातवाने मोटारी पळवाव्यात ही गोष्ट त्यांना मुळीच पसंत नव्हती. नातवाला शर्यतीसाठी एका बँकेने कर्ज देण्याचे ठरविले, तेव्हा त्यांनी आपले वजन खर्च करून ते देऊ दिले नाही. नातवाने दुसरी बँक गाठली आणि स्वतःच्या आयुर्विम्याचे तारण देऊन पैसा उभा केला. आपला प्राण ही एक किंमत असलेली वस्तू आहे, ती कोठे लावावयाची हे आपण ठरवावयाचे, आणि लावण्यापूर्वी हिशेब करावयाचा, ही त्या तरुणाची वृत्ती ह्या एका व्यवहारात स्पष्ट दिसते. 1974 मध्ये इटलीतील फेरारी ह्या विख्यात कारखान्याने त्याला आपला चालक नेमले आणि 1975 मध्ये तो जगज्जेता झाला. त्याच्या यशाचे कारण अंगावर येणारे धाडस हे नव्हते. यंत्राची बारीक पारख, अखंड चाचण्या आणि थंड डोके ही त्याची साधने होती.

जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग हा शर्यतीचा जुना मार्ग सुमारे 22.8 किलोमीटर लांबीचा, डोंगरातून व रानातून वळणे घेत जाणारा होता. इतक्या लांबीवर ठिकठिकाणी आग विझविणारे व जखमींना उचलणारे लोक पुरेसे ठेवणे अशक्य आहे, हे लाउडाचे म्हणणे होते. 1976 च्या शर्यतीपूर्वी त्याने इतर चालकांपुढे शर्यत न करण्याचा विचार मांडला. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले आणि ते मानून तोही उतरला. 1 ऑगस्ट रोजी दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी रस्त्याबाहेर जाऊन आदळली आणि पेटत्या स्थितीत पुन्हा रस्त्यावर आली. त्याला बाहेर काढले ते पहारेकऱ्यांनी नव्हे, तर मागून येणाऱ्या चार चालकांनी. आर्तुरो मर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल हे आपापल्या गाड्या सोडून ज्वाळांत शिरले, आणि मर्झारिओने त्याचे पट्टे सोडविले. चेहरा भाजला, उजव्या कानाचा भाग गेला, आणि विषारी धूर फुप्फुसांत शिरल्यामुळे प्रकृती इतकी ढासळली की, रुग्णालयात धर्मगुरूने येऊन अंतिम संस्काराचे विधी केले. ह्या मनुष्याने बरोबर सहा आठवड्यांनी, 12 सप्टेंबर रोजी, मोंझा येथील शर्यतीत गाडी चालविली आणि चौथा क्रमांक मिळविला. शिरस्त्राणाखालच्या पट्ट्या रक्ताने भिजल्या होत्या.

जगाने मोंझाचा तो दिवस शौर्याचा कळस म्हणून गौरविला, आणि तसे करण्यात जगाची चूक झाली असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या दिवसाविषयी एक गोष्ट लाउडाने पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. गाडीत बसताना आपण भयाने ताठ झालो होतो, आणि त्या वेळी लोकांना आपण सर्व ठीक असल्याचे जे सांगितले ते खरे नव्हते, असा त्याचा कबुलीजबाब आहे. ह्याचा अर्थ एवढाच की, मोंझा येथे त्याने भयाला जिंकले आणि लपविलेही. ह्या दोन क्रिया एकत्र होत्या म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात.

त्या निराळ्या आहेत हे 24 ऑक्टोबर 1976 रोजी जपानातील फुजी येथे दिसून आले. ती वर्षाची अखेरची शर्यत होती. लाउडाचे 68 गुण होते, इंग्रज प्रतिस्पर्धी जेम्स हंट ह्याचे 65. मुसळधार पाऊस पडत होता, धुके उतरले होते, आणि पुढच्या गाडीच्या चाकांनी उडविलेल्या पाण्यापलीकडे काही दिसत नव्हते. अपघातात पापण्या जळाल्यामुळे लाउडाला डोळे नीट मिटताही येत नव्हते. दोन फेऱ्या झाल्यावर तो आपल्या गोटात परतला व गाडीतून उतरला. यंत्रात बिघाड झाला असे जाहीर करू, अशी तयारी संघाच्या तंत्रप्रमुखाने दाखविली. लाउडाने ती नाकारली. गाडी उत्तम आहे, आपणच थांबलो आहोत, कारण ह्या पावसात गाडी चालविणे वेडेपणाचे आहे, असे त्याने सांगितले. हंट तिसरा आला, त्याचे 69 गुण झाले आणि एका गुणाने अजिंक्यपद त्याच्याकडे गेले. त्या दिवशी एमर्सन फिटिपाल्डी, कार्लोस पासे आणि लॅरी पर्किन्स हेही स्वेच्छेने थांबले होते. परंतु त्यांना गमवावयाचे विशेष काही नसल्यामुळे त्यांच्याकडे कोणी बोट दाखविले नाही. इटलीत मात्र लाउडावर कडवट टीका झाली.

आमच्या मते ह्या प्रसंगातील मर्म माघारीत नाही, ते त्या नाकारलेल्या सबबीत आहे. थांबण्याचा निर्णय बरोबर की चूक ह्याविषयी दुमत होऊ शकेल. किंबहुना शर्यत पुढे चालली, पाऊस ओसरला आणि कोणी दगावले नाही, ह्याकडे बोट दाखवून त्याचा हिशेब चुकला असे कोणी म्हणू शकेल. परंतु परिणामावरून निर्णयाची योग्यता ठरत नसते. निर्णयाच्या क्षणी जे समोर दिसत होते त्यावरूनच ती ठरवावी लागते. सबब स्वीकारली असती तर प्राण वाचला असता, नोकरी निर्वेध राहिली असती आणि कीर्तीलाही डाग लागला नसता. भित्रा मनुष्य नेमके हेच करतो. तो पळतो आणि पळण्याला दुसरे नाव देतो. जो आपल्या माघारीचे खरे कारण चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने, तोटा सोसून सांगू शकतो, त्याला भय वाटले असले तरी तो भयाचा गुलाम नव्हे. शहाण्याची माघार व भ्याडाची माघार ह्यांतील भेद ओळखावयाचा तर मागे फिरलेल्याची पावले मोजू नयेत. त्याने सांगितलेले कारण पाहावे.

ह्यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. प्रत्येकाने असा हिशेब करावयाचा म्हटले तर जळत्या गाडीत शिरलेल्या त्या चौघांनी कोणता हिशेब केला होता? तो केला असता तर लाउडा फुजीपर्यंत पोहोचलाच नसता. हा आक्षेप तीन वर्षे मागे गेले म्हणजे अधिकच तीव्र होतो. 29 जुलै 1973 रोजी हॉलंडमधील झांडव्होर्ट येथे रॉजर विल्यमसन हा तरुण चालक उलटलेल्या, पेटलेल्या गाडीखाली सापडला. डेव्हिड पर्ली हा एकच चालक थांबला. त्याने एकट्याने ती गाडी उलथविण्याचा जिवापाड प्रयत्न केला, जवळच्या पहारेकऱ्यांकडे अग्निरोधक पोशाख नव्हते, आणि विल्यमसन तेथेच मरण पावला. बाकीचे चालक फेऱ्यामागून फेऱ्या घालीत बाजूने निघून गेले. धडपडणारा पर्ली हाच जळत्या गाडीचा मालक असून तो सुखरूप बाहेर पडला आहे, असा त्यांचा समज झाला. बाजूने गेलेल्यांत लाउडाही होता. जो त्या दिवशी थांबला नाही, त्याच्यासाठी पुढे चौघे थांबले.

ह्यावरून आम्ही जो निष्कर्ष काढतो तो असा. स्वतःच्या कीर्तीसाठी, बक्षिसासाठी वा मालकाच्या लाभासाठी प्राण लावावयाचा असेल, तर हिशेब करणे हा मनुष्याचा हक्क आहे, नव्हे ते त्याचे कर्तव्य आहे. कारण मालक कौशल्य विकत घेतो, जीव नव्हे. परंतु दुसऱ्याचा प्राण समोर जळत असताना हा तराजू बाजूला ठेवावा लागतो. हिशेब हा धैर्याचा चांगला सेवक आहे. पण त्यालाच धनी केले म्हणजे मनुष्य फार शहाणा आणि फार एकटा होतो. लाउडाच्या पूर्वायुष्यात हा धोका होता असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. त्याचे उत्तरायुष्य म्हणूनच आम्हांस अधिक विचारणीय वाटते.

1977 मध्ये तो पुन्हा जगज्जेता झाला. 1979 मध्ये कॅनडातील शर्यतीच्या सरावाच्या दिवशी, आता ह्यात मन रमत नाही असे सांगून, तो एकाएकी निवृत्त झाला आणि त्याने स्वतःची विमानकंपनी काढली. 1982 मध्ये तो शर्यतीत परत आला, 1984 मध्ये आलाँ प्रोस्त ह्याच्यापेक्षा अवघ्या अर्ध्या गुणाने तिसऱ्यांदा अजिंक्य ठरला, आणि 1985 अखेर त्याने गाडी कायमची सोडली. जिंकलेल्या चषकांचे त्याला काडीइतके कौतुक नव्हते. गाडी फुकट धुऊन मिळावी म्हणून त्याने ते एका गॅरेजवाल्याला देऊन टाकले होते.

26 मे 1991 रोजी त्याच्या कंपनीचे बोइंग 767 जातीचे एक विमान बँकॉकहून व्हिएन्नास निघाले आणि सुमारे पंधरा मिनिटांत थायलंडच्या अरण्यात कोसळले. आतील 223 माणसांपैकी एकही वाचले नाही. प्रथम घातपाताची शंका आली. लाउडा स्वतः त्या अवशेषांत हिंडला. विमान जमिनीवर उतरल्यावर वेग कमी करण्यासाठी इंजिनाचा झोत पुढे वळविणारी जी योजना असते, ती एका इंजिनात भर आकाशात आपोआप उघडली होती. अशा प्रसंगी विमान सावरता येते असे तोवर मानले जाई. पण तो समज कमी उंचीवर व कमी वेगात घेतलेल्या चाचणीवर आधारलेला होता. लाउडा स्वतः वैमानिक होता. विमानाच्या प्रतिकृतियंत्रात बसून त्याने तो प्रसंग पुन्हा पुन्हा पडताळून पाहिला, आणि वैमानिकांना वाचण्याची संधीच नव्हती हे कारखान्याने उघडपणे सांगावे असा आग्रह धरला. सावरता येते असे तुमचे म्हणणे असेल तर तसे उड्डाण करा, मी स्वतः त्या विमानात बसतो, असे आव्हान त्याने दिले. अखेर कारखान्याला खरी स्थिती जाहीर करावी लागली, आणि ती योजना हवेत उघडू नये म्हणून विमानांत जादा कुलपे बसविण्यात आली.

आपल्या आयुष्यातील सर्वांत वाईट काळ न्यूरबुर्गरिंगचा नसून हा होता, असे लाउडा पुढे सांगत असे. शर्यतीत प्राण लावणे हा आपला खासगी व्यवहार होता. पण तिकीट काढून विमानात बसलेल्या माणसाने असला कोणताही सौदा केलेला नसतो, असे त्याचे म्हणणे होते. स्वतःच्या जिवाचा काटेकोर हिशेब करणाऱ्या मनुष्याला दुसऱ्याच्या जिवाचा हिशेब निराळ्या वहीत मांडावा लागतो हे येथे उमगले. आणि त्याने त्या वहीत मागितले काय? फुजी येथे जे स्वतः दिले होते तेच: खरे कारण, उघडपणे सांगितलेले. ज्याने आपल्या माघारीसाठी यंत्राला खोटा दोष दिला नाही, त्यालाच यंत्राचा खरा दोष मृत वैमानिकांच्या माथी मारू न देण्याचा अधिकार होता. 

त्याचे पुढील आयुष्यही शरीराशी झगडण्यात गेले. 1997 मध्ये भावाने त्याला मूत्रपिंड दिले. ते निकामी झाल्यावर 2005 मध्ये त्याच्या सहचारिणीने दिले, जिच्याशी त्याने 2008 मध्ये विवाह केला. 2018 मध्ये फुप्फुसे बदलावी लागली आणि 20 मे 2019 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तो वारला. हिशेबाने जगणाऱ्या ह्या मनुष्याचे आयुष्य तीनदा इतरांच्या बेहिशेबी देण्यावर तगले होते, हेही विसरता येत नाही.

आपल्या घरांत मोटारींच्या शर्यती नसतात. परंतु न झेपणारा अभ्यासक्रम, बुडता धंदा, लग्नाची मोडलेली बोलणी, मनाविरुद्धची नोकरी, ही आपली फुजी असते. अशा वेळी मुलगा किंवा मुलगी परत आली म्हणजे आपण दोनपैकी एक करतो: त्यांना भित्रे ठरवितो, नाहीतर शेजाऱ्यांना सांगण्यासाठी एखाद्या आजारपणाची वा ग्रहदशेची सबब शोधून देतो. पहिल्याने मन दुखावते. दुसऱ्याने ते कायमचे लुळे पडते, कारण सबबीच्या आधाराने परतलेल्याला पुन्हा उभे राहण्यास स्वतःची भूमी उरत नाही. आपण त्यांना एवढेच विचारावे की, खरे कारण काय आहे. आणि ते कारण त्यांनी सांगितले, तर ते आपण न लपविता आपल्या तोंडाने इतरांना सांगावे. खरे कारण सांगण्याचे बळ मुलांच्या अंगी येते ते खरे कारण ऐकून घेणाऱ्या घरात.