स्टेक कसा हवा?



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात ज्या गप्पा रंगतात, त्यांत सोरपोतेल, विंदालू आणि फुग्यांचा विषय कधी जुना होत नाही. गेल्या काही वर्षांत त्यांत एका पाहुण्याची भर पडली आहे. तो पाहुणा म्हणजे स्टेक. पूर्वी तो हॉटेलातच भेटायचा, तोही बहुधा सिझलरच्या तापलेल्या लोखंडावर धूर सोडीत. आता तो आपल्या स्वयंपाकघरात आला आहे. घरातला एखादा जहाजावर किंवा आखातात राहून आलेला असतो, एखादी मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकत असते, बाकीचे मोबाइलवर पाहून शिकतात. पदार्थाबरोबर भांडणही घरात येते. मुलगा म्हणतो, आत गुलाबी राहिलेच पाहिजे. डॅडी म्हणतात, कच्चे आम्ही खात नाही. मुलाला मीठ आणि मिरीपलीकडे काही लावलेले खपत नाही. डॅडींना वर तळलेला कांदा हवा, शेजारी टोमॅटो सॉसची बाटली हवी. मग "त्यापेक्षा चप्पल चावा" इथपर्यंत बोलणे जाते, आणि रविवारचे जेवण कडू होते.

हा वाद पोरकट वाटेल. पण ज्याला जे आवडते ते त्याने खावे, असे आपण जितक्या सहज बोलतो तितक्या सहज ते पाळत नाही. आवडीनिवडीत खरेच चूक-बरोबर असे काही असते का? आणि असेल, तर ज्याला बरोबर काय ते कळते त्याने दुसऱ्याच्या ताटावर किती अधिकार सांगावा? हे प्रश्न स्वयंपाकघरापुरते नाहीत.

आधी तव्यावर काय आहे ते पाहू. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि मार्च २०१५ पासून वळू व बैलही त्या बंदीत आले. म्हणजे आज पार्ल्यात आपण सवयीने ज्याला बीफ म्हणतो ते म्हशीचे किंवा रेड्याचे मांस असते. परदेशी आचारी मोबाइलवर जे मांस दाखवतात त्यात चरबीच्या पांढऱ्या रेषा सर्वत्र पसरलेल्या असतात, आणि मांस थोडे जास्त शिजले तरी ती चरबी सांभाळून घेते. आपल्याकडचा अंडरकट मऊ असतो, कारण कण्याखालच्या त्या स्नायूला जनावराच्या हयातीत फारसे काम नसते. पण त्यात चरबी कमी. तो दोन मिनिटे जास्त राहिला तरी लगेच कोरडा पडतो. आतले तापमान सुमारे ५५ अंश सेल्सिअस असते तेव्हा मांस गुलाबी व रसदार असते. ७० च्या पुढे गेले की तंतू आकसतात, पाणी बाहेर ढकलतात आणि रंग करडा होतो. ताटलीत उतरणारे लाल पाणी रक्त नसते. रक्त कत्तलीच्या वेळीच बहुतेक निघून गेलेले असते. उरतो तो स्नायूतला मायोग्लोबिन नावाचा रंगद्रव्याचा अंश. तेव्हा मुलाच्या बोलण्यात तथ्य आहे.

डॅडींचे म्हणणेही निराधार नाही. आपल्या बाजारात मांस पुष्कळदा बर्फाशिवाय तासन्‌तास टांगलेले असते. अखंड तुकड्यावरचे जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात आणि कडक आचेवर मरतात हे खरे. पण खिम्यात आतबाहेर असा भेद राहत नाही, म्हणून बर्गर आत गुलाबी ठेवणे हा अडाणीपणा आहे. पट्टकृमीची पिल्ले तर स्नायूच्या आतही असू शकतात आणि मांस नीट शिजले की ती मरतात. लहान मुले, गरोदर बाई, वृद्ध आणि आजारी माणूस यांना पूर्ण शिजवलेलेच द्यावे. तिथे आवडीची चर्चा नको.

उरलेल्यांच्या बाबतीत मात्र चर्चेला जागा आहे, आणि ती तत्त्वज्ञांनीही केली आहे. स्कॉटलंडचा डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली रुचीच्या कसोटीवर एक निबंध लिहिला. त्यात 'डॉन किहोटे' या कादंबरीतली एक गोष्ट येते. दोन जाणकारांना पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, चामड्याची नव्हे, लोखंडाची. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. जिभेला शिक्षण असते आणि ती खऱ्या गोष्टी ओळखते, हे ह्यूमला सांगायचे होते. १७९० साली जर्मनीच्या इमॅन्युएल कांटने दुसरी बाजू मांडली. सौंदर्याबद्दल आपण सर्वांची संमती मागतो, पण खाण्यापिण्यातल्या गोडीबद्दल मागू शकत नाही. तिथे 'हे छान आहे' याचा अर्थ 'मला छान लागते' एवढाच, असे तो म्हणतो. आम्हाला दोघांचेही पटते. कोणता तुकडा रसदार आणि कोणता कोरडा, यात मुलगा बरोबर असू शकतो. पण डॅडींना कोरडा आवडतो, यात डॅडी चुकू शकत नाहीत. एक मांसाविषयीचे विधान आहे आणि दुसरे माणसाविषयीचे. भांडण होते ते या दोहोंची गल्लत केल्यामुळे.

इथे एका गमतीची नोंद केल्याशिवाय राहवत नाही. गुलाबी मांस पाहून जे नाक मुरडतात, त्यांतले कित्येकजण लग्नाच्या पंगतीत सोरपोतेल दोनदा वाढून घेतात. जुन्या रीतीच्या सोरपोतेलात डुकराचे रक्तच घातलेले असते. किळस ही सवयीची मुलगी आहे.

रक्ताचा विषय निघालाच आहे, तर काहींच्या मनात शास्त्राविषयी शंका असते तिच्याबद्दल दोन शब्द. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने यहुदीतर ख्रिस्ती लोकांना रक्त आणि गुदमरून मेलेल्या प्राण्यांचे मांस वर्ज्य करायला सांगितले होते. मग आपण? या प्रश्नाला ख्रिस्तसभेने फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेत १४४२ साली उत्तर दिले. यहुदी आणि यहुदीतर यांना एकत्र येता यावे, त्यांच्यात दुरावा राहू नये, म्हणून तो नियम त्या काळापुरता होता. कारण संपले तसा नियमही संपला. नियम गेला, पण त्यामागचा हेतू लक्षात ठेवण्यासारखा आहे. माणसांना एका मेजावर बसता यावे म्हणून प्रेषितांनी खाण्याची एक रीत ठरवली होती. आपण नेमके उलट करतो. खाण्याच्या रीतीसाठी मेजावरून माणूस उठवतो.

आता मूळ प्रश्नाकडे. मांस कसे शिजवलेले हवे या आवडीवरून पवित्र शास्त्रात एक मोठा अनर्थ झाल्याची कथा आहे, आणि ती आम्हा पुरोहितांना विशेष टोचणारी आहे. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील दुसरा अध्याय काढून पाहा. शिलो येथे एली याजकाचे मुलगे हफनी आणि फिनहास सेवा करीत. लोक बळी घेऊन येत आणि मांस भांड्यात शिजत असे. पण या दोघांना उकडलेले मांस नको होते, भाजलेले हवे होते. त्यांचा चाकर येऊन भाविकाकडे कच्चेच मांस मागे. आधी देवाच्या वाट्याची चरबी जाळू द्या, मग हवे तेवढे घ्या, असे भाविक विनवी. चाकर म्हणे, आत्ता द्या, नाहीतर बळजबरीने घेऊ. पुढे पलिष्ट्यांशी झालेल्या लढाईत दोघे भाऊ एकाच दिवशी मारले गेले.

परमगुरू संत ग्रेगरी (ते ५९० ते ६०४ या काळात पोप होते) यांनी ईयोबाच्या पुस्तकावरील आपल्या भाष्यात खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले. वेळेआधी खाणे, फार भारी अन्न मागणे, फार खाणे, आधाशीपणे खाणे आणि पाचवा म्हणजे शिजवण्याच्या रीतीविषयी फाजील चोखंदळ असणे. या पाचव्याला त्यांनी एलीच्या मुलांचेच उदाहरण दिले. संत थॉमस अक्वायनस यांनीही आपल्या 'सुम्मा'मध्ये हे पाच प्रकार स्वीकारले. आपण खादाड म्हणजे मोठ्या पोटाचा माणूस समजतो. ग्रेगरींच्या हिशेबाने चार घास खाणारा बारीक माणूसही खादाड असू शकतो. तेच पुढे असेही दाखवतात की दोष पदार्थात नसतो: एसावाचा घात साध्या मसुरीच्या वरणाने झाला आणि एलिया मांस खाऊनही निर्दोष राहिला.

मग हफनी आणि फिनहास यांचे नेमके चुकले काय? भाजलेले मांस आवडणे हा गुन्हा नव्हे. तसे असते तर पार्ल्यात फारच थोडे लोक बचावले असते. त्यांच्या आवडीची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरली, हा त्यांचा दोष. भाविकाचे अर्पण त्या आवडीपायी बिघडले आणि त्याच्या विनंतीला किंमत राहिली नाही.

हा निकष आपल्या घरी लावून पाहू. पाच माणसांचे घर आहे. एकाला रेअर, दोघांना मीडियम, डॅडींना वेल डन, धाकट्याला वरून अंडे हवे. तव्यावर एका वेळी दोनच तुकडे मावतात. जो तो आपला तुकडा गरम असतानाच खातो, कारण स्टेक थांबत नाही असे सर्वांनी ऐकलेले असते. मम्मी ओट्याशी उभी. ती शेवटी बसते तेव्हा मेजावर रिकाम्या ताटल्या असतात, आणि तिचा तुकडा कसा झाला हे तिला कोणी विचारत नाही. तिला कसा आवडतो हेही पुष्कळ घरांत कोणाला ठाऊक नसते. डाळ-भाताच्या जेवणात निदान एकच पातेले सर्वांचे असते. स्टेक हा ज्याच्या त्याच्या मर्जीने होणारा पदार्थ आहे, म्हणूनच त्यात मर्जीचा भार कोणावर पडतो ते चटकन दिसते. आम्हाला विचाराल तर, गुलाबी की करडा या वादापेक्षा हा मुद्दा कितीतरी गंभीर आहे.

जाणकार मुलाचे काय? त्याचे ज्ञान खरे आहे. पण करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीतही असे जाणकार होते. मूर्तीला वाहिलेल्या मांसात काही नसते, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते, आणि संत पौलाने ते मान्यही केले. तरी त्याने त्यांना सांगितले की बरोबर असणे पुरेसे नाही. त्या ज्ञानाखाली दुर्बळ भाऊ चिरडला जाता कामा नये. सॉसच्या बाटलीवरून बापाला मेजावर सर्वांदेखत हसणे हे त्याच जातीचे आहे. आम्ही तर पुढे जाऊन म्हणू, की खरे ज्ञान असेल त्याने डॅडींना हवा तसा पूर्ण शिजलेला आणि तरीही चावता येणारा तुकडा करून दाखवावा. त्यात कौशल्य आहे. तुकडा पातळ कापावा, आडव्या धाग्याने कापावा, थोडा ठेचावा. आपल्या आज्या कच्ची पपई आणि व्हिनेगर उगाच लावत नसत. दात गेलेल्या आजीसाठी तर तवा बाजूला ठेवून कांद्याच्या रसात मंद आचेवर शिजवलेले बरे. मिठामिरीशिवाय काही लावायचेच नाही, हा नियम कोणी केला? उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला आपला बॉटल मसाला अंडरकटला चोळला तर पॅरिसच्या आचाऱ्याला वाईट वाटेल, इतकेच. अब्राहामाने मम्रेच्या झाडाखाली तिघा पाहुण्यांसाठी कोवळे वासरू स्वतः निवडले आणि ते जेवत असताना तो जवळ उभा राहिला. कसे खावे याचे भाषण त्याने दिल्याचे उत्पत्तीच्या पुस्तकात नाही.

डॅडींनाही एक सांगायचे आहे. प्रभूने शिष्यांना पाठवताना, जे पुढे वाढले जाईल ते खा असे सांगितले होते. मुलाने प्रेमाने केलेला गुलाबी तुकडा, प्रकृतीला चालत असेल तर, एकदा चाखून पाहायला काय हरकत आहे? 'आम्ही खात नाही' हे वाक्य कधी कधी जिभेचे नसते, मानाचे असते.

शेजाऱ्यांचा विषय थोडक्यात. पार्ल्यात आपल्यापैकी पुष्कळजण अशा इमारतींत राहतात जिथे वरच्या आणि शेजारच्या घरी अंडेही शिजत नाही. स्टेकसाठी बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवावा लागतो, आणि तो धूर कोणाच्या तरी खिडकीत जातो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलापुढे हाच पेच होता: एकजण सर्व काही खातो, दुसरा फक्त भाजीपाला. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असे तो दोन्ही बाजूंना बजावतो. आपल्या हाती पहिला अर्धा भाग आहे. त्यांच्याकडे पर्युषण किंवा पूजा असेल त्या दिवशी तवा न तापवणे, एरवी त्या बाजूची खिडकी लावून पंखा दुसरीकडे फिरवणे, यात लपवाछपवी नाही की भित्रेपणाही नाही. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी भांडायची वेळ आली तर ते सभ्यपणे आणि कायद्याच्या आधारे भांडावे.

शेवटी तव्याचा हिशेब, कारण तो विचारला जाईलच. वेल डन हवा त्याचा तुकडा सर्वांत आधी टाकावा. त्याला वेळ लागतो आणि उतरल्यावर झाकून ठेवला तरी बिघडत नाही. मग मीडियम, शेवटी रेअर. उतरवलेला प्रत्येक तुकडा पाच-सात मिनिटे तसाच राहू द्यावा, म्हणजे कापल्यावर रस वाहून जात नाही. तेवढ्या वेळात करणाऱ्याचा तुकडाही होतो. त्याला किंवा तिला कसा हवा ते आधी विचारून घ्यावे, आणि ओट्याजवळचे माणूस खुर्चीवर बसेपर्यंत भोजनाची प्रार्थना सुरू करू नये.