सोळाशे मीटर

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ताज हॉटेलात गोळीबार चालू असताना जे पोलिस सर्वांत आधी आत शिरले, त्यांत राज्य राखीव पोलिस दलाचे शिपाई राहुल शिंदे होते. पोटात गोळी लागून ते गेले. मरणोत्तर राष्ट्रपती पोलिस पदक मिळालं. त्यांचं गाव सुलतानपूर, तालुका माढा. त्या गावाचं नाव पुढं राहुलनगर झालं.

मुंबईवरच्या त्या दहशतवादी हल्ल्यांत 166 माणसं मेली. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच 18 जानेवारी 2009 ला मुंबई मॅरेथॉन झाली. जिथं पोलिस तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही, त्या गिरगाव चौपाटीच्या परिसरातून माणसं धावत गेली. भेदरलेल्या शहरानं आपले रस्ते पुन्हा पायाखाली घेतले, ते चांगलंच झालं. मात्र ‘मुंबई थांबत नाही’ या कौतुकाचा मला जरा संशयच येतो. हातावर पोट असलेल्याला थांबायची सोय कुठं असते?

माढा तालुक्यातल्या धावण्याला असं कौतुक लाभत नाही. इथं पोरं पळतात ती भरतीसाठी. पोलिस भरतीचं ग्राउंड पन्नास गुणांचं. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, त्याचे वीस गुण. शंभर मीटर आणि गोळाफेक यांचे पंधरा-पंधरा. एकदा कारखाने सुरू झाले की पहाटेच्या अंधारात उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर आणि ही पोरं एकाच रस्त्यावर. हे देशप्रेम की नोकरीची गरज, असं शहरातले पाहुणे विचारतात. भावाभावांत वाटून उरलेल्या दोन-तीन एकरांवर बसून हा प्रश्न कुणी विचारत नाही. ज्या वर्दीत शेजारच्या गावचा मुलगा मारला गेला, तीच वर्दी मागायला पोरं रांगेत उभी राहतात. त्यांना धोका कळत नाही असं थोडंच आहे?

एकट्यानं पळताना तिसऱ्या राउंडला पाय जड होतात आणि मन सबबी शोधू लागतं. सोबत चौघं असतील तर कुणीतरी ओढून नेतं. घरातल्या दुःखाबद्दल दोन वाक्यं न बोलणारी पोरं एकमेकांची वेळ सेकंदासकट सांगतात. समुपदेशन हा शब्द इथं फारसा कुणी वापरत नाही, पण कुणी सलग दोन दिवस आला नाही तर फोन जातो. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. पहाटे रस्त्यावर पळायचं तर घरी कारण सांगावं लागतं, आणि भरती हे कारण घरच्यांना पटतं.

धोका घरातच पाहूनही वर्दी मागणारी माणसं असतात. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. दोन मुलांची आई असलेल्या त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक वयाची सवलत घेऊन चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत गेल्या आणि सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या. बरोबरचे प्रशिक्षणार्थी त्यांच्याहून कितीतरी लहान.

अशा कहाण्या सांगताना आपण एक लबाडी करतो. सगळं ओझं माणसाच्या शरीरावर टाकतो. ओंबळे लष्करात घडलेले होते, पण त्या रात्री त्यांच्या हातात लाठी होती. समोर एके-47. छाती कितीही कमावलेली असो, ती गोळी अडवत नाही. पोलिस अधिकारी हेमंत करकरे यांच्या बुलेटप्रूफ जॅकेटवरून पुढं केवढा वाद झाला! 2009 मध्ये राज्यानं ‘फोर्स वन’ हे खास दल उभारलं, ते बरं झालं. पण चौकीतल्या साध्या शिपायाच्या अंगावर काय आहे, हे विचारायचं कुणी? पोरांच्या दंडांचं कौतुक करणाऱ्यांनी तरी विचारायला हवं.

आणि ज्यांचं ग्राउंड निघतं पण लेखी राहते, त्यांचं काय? खुल्या प्रवर्गाला पोलिस शिपायासाठी 28 वर्षं, मागास प्रवर्गाला 33. मग दार बंद. पळणाऱ्यांतले बहुतेक याच बाजूला उरतात. त्यांतले काही पळणं सोडतात. काही नव्या पोरांना गोळा कसा टाकायचा ते दाखवत राहतात. मेरिट लिस्टमध्ये त्यांचं नाव येत नाही, तरी पहाटेचा हा जमाव टिकतो तो त्यांच्यामुळं.

दर 26 नोव्हेंबरला चौकाचौकांत श्रद्धांजलीचे फलक लागतात. त्यांवरच्या नेत्यांच्या फोटोंचा खर्च वाचवला तर एखाद्या गावाला फक्कीनं चारशे मीटर आखून चार दिवे लावता येतील. यंदा ऊसवाहतूक जोरात यायच्या आत झालं तर बरं.